एका दिवसात बर्लिन: भिंतीच्या कडेकडेने, आणि थोडं डालेम

रानजाई:
नमस्कार मंडळी. सध्या एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर जर्मनीत आहे, माग्डेबुर्गला. इथून बर्लिन आरई १ या गाडीने पावणेदोन तासांच्या आसपास, गाडी बदलायची भानगड नाही, आणि सेमिस्टर तिकिटात सगळं बसतं त्यामुळे जायला वेगळा पैसा नाही. आमच्या होस्टेलवरची सगळी पोरं बर्लिन करून आलेली आणि सगळ्यांचे फोटो डिट्टो सेम, गेट, टॉवर, भिंतीवरचं ते चुंबनाचं चित्र, चेकपॉइंट चार्ली ही जुनी सीमेवरची चौकी, संपलं. मला ते तसं धावतपळत करायचं नव्हतं. एकच दिवस आहे ना, मग एकच धागा धरू आणि बाकीचं खुशाल सोडून देऊ असं ठरवलं. धागा धरला बर्लिनच्या भिंतीचा, १९६१ ते १९८९ शहराचे कम्युनिस्ट पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करणारी ती. मे महिना, रविवार, एकटीच.

सकाळी पहिलं राइशटाग, म्हणजे त्यांची संसद. वरचा काचेचा घुमट फुकट बघता येतो पण आधी ऑनलाइन नाव आणि जन्मतारीख देऊन वेळ घ्यावी लागते आणि पासपोर्ट जवळ पाहिजे. मी सव्वानऊची वेळ घेतली होती. हाउप्टबानहोफला उतरून नदी ओलांडून चालत गेलं तरी पंधरा मिनिटांत पोचतो. घुमट नॉर्मन फॉस्टरचा, १९९९ चा. आत गोल गोल चढत जाणारा रॅम्प आहे आणि कानातल्या ऑडिओ गाइडला तुम्ही कुठवर चढलात ते आपोआप कळतं, तेवढंच बोलतो तो, बटण दाबायला लागत नाही. खाली वाकून बघितलं की खासदारांच्या निळ्या-जांभळ्या खुर्च्या दिसतात, रविवार असल्यामुळे सगळ्या रिकाम्या.

तिथून ब्रांडेनबुर्ग गेट पाच मिनिटांवर. यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहे. वरचा रथ नेपोलियनने १८०६ मध्ये पॅरिसला उचलून नेला होता आणि १८१४ मध्ये परत आला, एवढंच. मला जास्त आवडलं ते गेटच्या मागे रस्त्यात बसवलेल्या दगडांच्या दोन ओळी. भिंत जिथून जायची तिथे शहरभर ही दुहेरी दगडी रेघ आहे, डांबरातून, फुटपाथवरून, कुठे कुठे पार्किंगमधून जाते, लोक त्यावर गाड्या लावतात. मी तिचाच माग काढत थोडी चालले. पुढे होलोकॉस्ट स्मारक, २७११ काँक्रीटचे ठोकळे, बाहेरून बघताना सगळे गुडघ्याएवढे वाटतात आणि आत शिरलो की जमीन खाली खाली जाते आणि ठोकळे डोक्याच्या वर, आवाज तुटतो.

मग फ्रीडरिशश्ट्रासं स्टेशनला लागून असलेला ट्रेनेनपालास्ट. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. १९६२ मध्ये बांधलेला काचेचा हॉल, पूर्वेकडून पश्चिमेला जाणारे इथून जायचे. आता म्युझियम आहे, फुकट. पूर्वेतल्या तरुण माणसाला सोडायचे नाहीत पण १९६४ पासून पेन्शनीत निघालेल्यांना नातेवाइकांकडे जायची परवानगी मिळाली, म्हातारे लोक परत आले नाहीत तर सरकारचं पेन्शन वाचलं असा सरळ हिशोब! आत पासपोर्ट तपासायची एक मूळची केबिन ठेवलीय, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा बोळ, मधोमध उभं राहिलं की खांद्याला दोन्ही बाजूंनी फळ्या लागतात. माझ्या मागच्या बाई जर्मन होत्या, साठीच्या, त्या त्यात शिरल्याच नाहीत, बाजूने वळसा घालून गेल्या. मी काही विचारलं नाही.

पुढचं दुपारनंतर टाकते, लॅब आहे.

खवचट:
पहिला नंबर. म्युझियम आयलंड नाही, टॉवर नाही, म्हणजे ताजमहाल न बघता आग्र्याचं स्टेशन बघून आलात. वाचतोय.

मृण्मयी_डी:
मस्त लिहितेयस गं. एक भर घालते, महिन्याच्या पहिल्या रविवारी बर्लिनची बरीच म्युझियम फुकट असतात, ते साधून जायचं म्हणजे आमच्यासारख्या गरीब विद्यार्थ्यांचं भलं होतं.

कोकण_एक्सप्रेस:
मृण्मयी, ते बंद झालं. २०२४ संपता संपता सरकारने पैसे कापले आणि योजना गुंडाळली. आणि खवचट, म्युझियम आयलंडवर ज्यासाठी लोक जायचे ते पेर्गामोन म्युझियम २०२३ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण बंद आहे, एक भाग २०२७ मध्ये उघडणार म्हणतात. नॉयेस म्युझियममध्ये इजिप्तच्या नेफरतिती राणीचा पुतळा बघायचा असेल तर जरूर जा, पण फोटो काढू देत नाहीत, मग तुमचं स्टेटस कसं होणार?

खवचट:
नेफरतितीला आमचा रामराम सांगा.

रानजाई:
झाली लॅब.

तर दुपार. फ्रीडरिशश्ट्रासंहून एस-बानने, म्हणजे लोकलने, दोन स्टेशनं, नॉर्डबानहोफ. हे स्टेशनच बघण्यासारखं आहे. झालं असं की शहराचे दोन भाग झाले पण जमिनीखालचे काही रूळ पश्चिमेतून निघून पूर्वेच्या खालून जाऊन परत पश्चिमेत निघायचे. पश्चिमेच्या गाड्या त्यावरून चालूच राहिल्या फक्त मधल्या स्टेशनांवर थांबायच्या नाहीत. ती स्टेशनं बंद, वर जिने भिंत घालून बुजवलेले. त्यांना भुताची स्टेशनं म्हणायचे. नॉर्डबानहोफच्या हॉलमध्ये त्यावरच फोटो आणि नकाशे लावलेत, येता-जाता बघायचे, तिकीट वगैरे काही नाही.

वर आलं की बेर्नाउअर श्ट्रासं. माझ्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. या रस्त्याची गंमत म्हणजे, गंमत कसली, हाल, एका बाजूची घरं पूर्वेत आणि घरासमोरचा फुटपाथ पश्चिमेत. १३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली तेव्हा लोकांनी सरळ खिडकीतून फुटपाथवर उड्या मारल्या, खाली पश्चिमेचे फायर ब्रिगेडवाले चादरी धरून उभे. मग पूर्वेने तळमजल्याच्या खिडक्या विटांनी बंद केल्या, लोक वरच्या मजल्यावरून उड्या मारायला लागले, मग वरच्याही. इडा झीकमान नावाच्या बाईने २२ ऑगस्टला तिसऱ्या मजल्यावरून आधी गाद्या खाली टाकल्या आणि मग उडी मारली. त्या वाचल्या नाहीत. भिंतीपायी जीव गेलेल्यांत पहिलं नाव त्यांचं घेतात. बर्लिनच्या भिंतीवर किमान १४० माणसं गेली, त्यांचे फोटो इथे एका गंजक्या लोखंडी चौकटीत लावलेत, काही चौकोन रिकामे आहेत.

भिंत जिथे पाडली तिथे आता गंजलेल्या लोखंडाच्या उंच सळया उभ्या केल्यात. लांबून तिरकं बघितलं की सलग भिंत वाटते, समोर गेलं की दोन सळयांमधून माणूस आरपार जातो. शाळेतली पोरं त्यातून पकडापकडी खेळत होती आणि त्यांना कोणी ओरडत नव्हतं.

मधेच एक चर्च होतं, नेमकं दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात अडकलेलं. पूर्वेने ते १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. आता त्याच जागेवर मातीचं गोल चॅपल आहे, खरोखर माती, थर घालून चोपून केलेली भिंत, आमच्या आजोळच्या वाड्याच्या पांढरीच्या भिंतीसारखी, हात लावला की थंड. त्या मातीत जुन्या चर्चचा चुरा मिसळलाय, नीट बघितलं तर विटेचे आणि काचेचे तुकडे दिसतात. आणि भोवती राय पेरलीय, राय नावाचं धान्य, मोहरी नव्हे. मे महिन्यात कमरेएवढी हिरवीगार. ऐन शहरात ट्रामच्या बाजूला शेत!

समोरच्या इमारतीच्या टॉवरवर चढा, फुकट आहे. वरून सत्तर मीटरचा जसाच्या तसा ठेवलेला तुकडा दिसतो, पुढची भिंत, मधला रेतीचा पट्टा, दिव्याचे खांब, टेहळणीचा मनोरा, मागची भिंत. खालून बघताना भिंत म्हणजे एक भिंत एवढंच डोक्यात असतं. वरून कळतं की मारणारी जागा मधली होती.

वैनगंगा:
भारी लिवलं न बे. मले एक सांगा, मी समजत होतो का भिंत म्हणजे शहराच्या मधातून एक सरळ रेघ. पण मग पश्चिम बर्लिनवाले पश्चिम जर्मनीत कसे जात होते? बर्लिन तर पूर्व जर्मनीच्या आत आहे न?

कोकण_एक्सप्रेस:
वैनगंगा, बरोबर पकडलंत. भिंत पश्चिम बर्लिनभोवती गोल होती, एकूण दीडशे किलोमीटरच्या वर. म्हणजे कोंडलेलं दिसायला पश्चिम बर्लिन होतं आणि अडकलेले मात्र बाहेरचे. पश्चिमवाले ठरावीक हायवे, ट्रेन आणि विमानाने जायचे. १९४८ मध्ये रशियाने रस्ते-रेल्वे बंद केले तेव्हा जवळपास वर्षभर अख्खं शहर विमानांनी पोसलं, दोन लाख सत्तर हजारांवर फेऱ्या झाल्या, कोळसासुद्धा विमानाने. रानजाई, टेंपलहोफ केलंस की नाही? ते विमानतळ २००८ ला बंद झालं आणि आता सगळा रनवे लोकांना मोकळा आहे, सायकली, पतंग, कोळशावर भाजाभाजी. मध्ये कुंपण घालून ठेवलेलं गवत दिसतं ते चंडोल पक्ष्यांच्या घरट्यांसाठी. २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून तिथलं बांधकाम थांबवलं, आपल्याकडे एवढी मोकळी जागा एक दिवस टिकली असती का सांगा.

आबा_निवृत्त:
नमस्कार. धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. १९८७ मध्ये कंपनीने ट्रेनिंगसाठी पश्चिम बर्लिनला पाठवले होते, पिंपरीतून आम्ही चौघे. रोज यू-बानने (तिथली मेट्रो) कारखान्यात जायचो, ती लाइन तुम्ही म्हणता तशी पूर्वेच्या खालून जायची. आधी स्पीकरवर घोषणा व्हायची की पश्चिमेतले हे शेवटचे स्टेशन. मग गाडी एकदम हळू व्हायची, बंद स्टेशनातून जाताना मिणमिणता दिवा, फलाटावर धूळ, आणि खांबाच्या आडोशाला एक-दोन बंदूकवाले उभे. पहिल्या दिवशी आम्ही काचेला नाक लावून बसलो होतो. आठवड्याभरात आम्हीही इतरांसारखे पेपर वाचायला लागलो. भिंत दोन वर्षांत पडेल असे तेव्हा कोणी म्हटले असते तर वेड्यात काढले असते. आमचा जर्मन फोरमन तर म्हणायचा की नातवंडांच्या काळातही राहील.

मृण्मयी_डी:
आबा, यावर वेगळा धागा काढा प्लीज!!

खवचट:
आबांना +१. टिंगल मागे घेतो, स्टेशन बघितलंस ते बरं केलंस.

रानजाई:
आबा, काय सांगताय! मी नंतर यू ८ नेच गेले, बेर्नाउअर श्ट्रासं स्टेशनवरून. तुमची तीच का ती? रोझेंथालर प्लाट्झ, वाइनमाइस्टरश्ट्रासं, अलेक्झांडरप्लाट्झ, ही सगळी तेव्हा बंद होती. आता दर स्टेशनला गर्दी चढते-उतरते, कोणी सायकल घेऊन, कोणी कुत्रं घेऊन.

त्याआधी शेजारच्या माउअरपार्कात जेवले. रविवारी तिथे जुना बाजार भरतो, जुने कॅमेरे, दरवाज्याच्या मुठी, पूर्व जर्मनीतले बिल्ले. दुकानं रविवारी बंद असल्यामुळे सगळं शहर इथेच लोटतं. फलाफल रोल घेतला, विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारा. पाण्याची बाटली रिकामी झाली ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याच्या शेजारी खाली ठेवायची असते, बाटलीमागे पंचवीस सेंट परत मिळतात ना, ते गोळा करणाऱ्यांना डब्यात हात घालायला लागू नये म्हणून. मी ठेवून वळते तोवर एक आजोबा ती पिशवीत टाकून पुढे गेलेसुद्धा.

पिठलंभाकरी:
ताई डोनर कबाब का नाही खाल्लं, बर्लिनला जाऊन फलाफल?? आणि मटण कसलं असतं त्यात, बीफ नको असेल तर काय विचारायचं?

कोकण_एक्सप्रेस:
बहुतेक ठिकाणी वासराचं किंवा बीफचं असतं, चिकनवालं वेगळं मिळतं, 'हेन्शन' म्हणून मागायचं. भाज्या तळून घालतात तेही मागा, वरून लिंबू पिळतात. शाकाहारी लोकांची बर्लिनमध्ये चैन आहे, उर्वरित जर्मनीपेक्षा कितीतरी बरं.

रानजाई:
आता शेवटचा भाग, ज्यावरून होस्टेलवर मला सगळे वेड्यात काढतायत.

यू ८ ने कॉटबुसर टोअर, तिथे यू ३ पकडली आणि शहराच्या नैऋत्य टोकाला डालेमला गेले, अर्ध्या तासाच्या वर लागतो. टुमदार बंगले, झाडं, रविवारी चिटपाखरू नाही. इहनंश्ट्रासं २२. आता तिथे फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्राचा विभाग आहे. १९२७ मध्ये तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली आणि आपल्या इरावती कर्वे पीएचडीला तिथे होत्या. ऑयगेन फिशर त्यांचे गाइड. फिशरची थिअरी अशी की गोऱ्या लोकांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आहे, आणि ते सिद्ध करायचं काम कर्व्यांच्या पदरात पडलं. त्यांनी शंभराच्या वर कवट्या मोजल्या, त्यात जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या, आणि निष्कर्ष काढला की वंशावरून असा काही फरक दिसत नाही. गाइडच्या तोंडावर! पंचविशीची मुलगी, परका देश, परकी भाषा. मला माझ्या गाइडला ईमेलमध्ये 'मला वाटतं' लिहायला धाप लागते.

हाच फिशर १९३३ मध्ये बर्लिन युनिव्हर्सिटीचा रेक्टर, म्हणजे कुलगुरू, झाला. त्याच वर्षी मे महिन्यात त्या युनिव्हर्सिटीसमोरच्या चौकात पुस्तकं जाळली. आणि ही संस्था पुढे नाझींना वंशाचे दाखले पुरवायला लागली, आउशवित्झच्या छळछावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले इथे नमुने पाठवायचा. दाराशेजारी भिंतीवर याची पाटी आहे. इमारत रविवारची बंद होती, मी पाटी वाचली, पायरीवर बसून उरलेला पराठा खाल्ला. पाटीवर कर्व्यांचं नाव नाही, ती पाटी त्यासाठी नाहीच. पण भिंतीचा धागा धरून आले होते आणि माझ्यापुरता तो इथे पोचला, माणसांची विभागणी आधी कागदावर झाली, मग रस्त्यावर.

खवचट:
एकच दिवस आणि त्यातले दोन तास बंद इमारतीच्या पायरीवर. भावना पोचल्या, पण बर्लिनचा शेवटचा परिच्छेद ओढून ताणून आणलाय. वंशवाद वेगळा, शीतयुद्ध वेगळं. १९६१ ची भिंत कोणी कवट्या मोजून बांधली नव्हती.

रानजाई:
मान्य, कारणं वेगळी आहेत. पण हिटलरचं युद्ध झालं नसतं तर जिंकलेल्या चार देशांत शहराचे चार तुकडे झाले नसते आणि तुकडे नसते तर भिंतही नाही, एवढा तरी दुवा आहे की.

खवचट:
तो दुवा चालेल. पायरी तरीही जास्त झाली.

मांडवी:
मला तर हाच भाग सगळ्यात आवडला. २०१४ मध्ये तिथे जवळच युनिव्हर्सिटीच्या बांधकामात हाडांचे तुकडे सापडले होते, हजारोंनी, २०२३ मध्ये त्यांचं रीतसर दफन केलं. माझी बहीण तेव्हा तिथे शिकत होती. कोणाची हाडं ते ठरवायला पुढच्या चाचण्या करायच्या नाहीत असं ठरलं, कारण परत तेच मोजमाप करत बसायचं का. अवांतर: इरावतीबाई नंतर पुण्यात स्कूटरवरून फिरायच्या हे आजीकडून ऐकलंय.

आबा_निवृत्त:
खरे आहे. डेक्कन कॉलेजच्या रस्त्याला आमच्या थोरल्या भावाने पाहिले होते.

कोकण_एक्सप्रेस:
रानजाई, एवढी डालेमला गेलीस तर पुढच्याच स्टेशनला उतरून अलाइड म्युझियम बघायचंस. चेकपॉइंट चार्लीची खरी चौकी तिथे ठेवलीय, १९९० मध्ये मूळ जागेवरून उचललेली. गावात लोक ज्याच्यापुढे फोटो काढतात ती नक्कल आहे. आणि परत शहरात जायचीही गरज नाही, यू ३ ने क्रुमं लांकंपर्यंत जा, दहा मिनिटं चालत मेक्सिकोप्लाट्झ, तिथून एस १ ने वानझे, तुझी आरई १ तिथे थांबते.

रानजाई:
हे आधी का नाही सांगितलं काका!! मी परत झू स्टेशनपर्यंत गेले. पुढच्या वेळी नक्की.

मृण्मयी_डी:
वाखुसा (वाचनखूण साठवली). आईबाबा जुलैत येतायत, बाबांचे गुडघे दुखतात, एवढं चालणं त्यांना झेपणार नाही. यातलं काय ठेवू?

रानजाई:
घुमटाला लिफ्ट आहे पण आतला रॅम्प चालावा लागतो, चढ अगदी हलका आहे. ट्रेनेनपालास्ट ठेव. बेर्नाउअर श्ट्रासंला हाउप्टबानहोफहून एम १० ट्राम घे, ती नॉर्डबानहोफवरून थेट त्या रस्त्यानेच जाते, हवं तिथे उतरायचं, दमले की परत बसायचं. तीच ट्राम पुढे वार्शाउअर श्ट्रासंला जाते, तिथून भिंतीवरची चित्रं जवळ आहेत, म्हणजे बाबांना तोही फोटो मिळेल. बाकी शहर १०० नंबरच्या डबलडेकर बसमधून दाखव, झूला सुरुवातीच्या स्टॉपवर चढ म्हणजे वर पुढची जागा मिळेल. गुडघ्यांमुळे वर चढवत नसेल तर ड्रायव्हरच्या मागची सीट.

पिठलंभाकरी:
आणि सोमवारी नेऊ नकोस, ट्रेनेनपालास्ट बंद असतं, टॉवरवालं सेंटरपण.

मृण्मयी_डी:
मंगळवार ठरवते मग. धन्यवाद सगळ्यांना. आबा, धाग्याची वाट बघतेय.

आबा_निवृत्त:
फोटो शोधतो आहे. माळ्यावर आहेत, मुलगा रविवारी काढून देतो म्हणाला.